छोटा गुलाब : त्याचें पाणी, त्याची तारीख व त्याचें नांव

भात, आंबा व भाजीपाला ह्यांची चर्चा करणाऱ्या ह्या मासिकांत गुलाबाच्या फुलासाठीं जागा मागावी, हें कांहीं वाचकांस विलासाचें लक्षण वाटण्याचा संभव आहे. त्यांचा आक्षेप आम्ही आधींच मान्य करतों. गुलाबानें पोट भरत नाहीं. परंतु आमच्या पनवेल तालुक्यांत गेल्या कांहीं वर्षांत जें घडलें तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ह्या लेखाचा हेतु लौकर ध्यानांत येईल. २०१३ सालीं विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची, अधिसूचना निघाली, २०२५ च्या ऑक्टोबरांत विमानतळाचें उद्घाटनही झालें. ह्या मधल्या काळांत तालुक्यांतील पुष्कळ खाचरांचे प्लॉट पडले. ज्या घराच्या दारांत पूर्वीं भाताच्या उडव्या रचल्या जात, त्या घराला आज ओटा, पडवी व चार हात अंगण एवढेंच उरलें आहे. हातांची लागवडीची सवय मात्र जमिनीबरोबर विकली जात नाहीं. तिला कांहीं काम द्यावें लागतें.

आम्ही स्वतः महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. आमचें राहणें नेरें येथें. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाढी नदीच्या खोऱ्यांत हें गांव आहे. येथें जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, व गुलाबाला जें नको तें सर्व त्या पावसांत असतें. मोठे गुलाब आम्हीं जमिनींत लावून पाहिले. दोन पावसाळ्यांत ते गेले. नंतर छोटे गुलाब कुंड्यांतून लावले, आणि गेलीं दहा वर्षें ते आमच्या पडवींत नांदत आहेत. त्यांतील कांहीं आम्हीं प्रदर्शनांतही मांडले. ह्या काळांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या इतरांच्या हातून होऊं नयेत, इतकाच ह्या लिहिण्याचा उद्देश आहे. त्या चुका तीनच होत्या. एक पाण्याची, एक तारखेची व एक नांवाची. तिसरी सर्वांत मोठी. म्हणून ती शेवटीं सांगूं.

छोटा गुलाब म्हणजे काय?

आमच्याकडे ज्यास ‘बटण गुलाब’ म्हणतात त्याच प्रकारांतला, परंतु निवडीनें सुधारलेला, हा मिनिएचर गुलाब होय. झाड वीतभरापासून दीड फुटापर्यंत वाढतें. फूल रुपयाच्या नाण्याएवढें किंवा थोडें मोठें असतें. पान, कांटा, देंठ व कळी हीं सर्व त्याच मानानें लहान असतात. मोठ्या गुलाबाचें झाड खुरटलें म्हणजे तो मिनिएचर होत नाहीं, हें प्रथम लक्षांत ठेवावें. ह्याहून किंचित् थोराड, दोन फुटांच्या आंतबाहेर वाढणारे व झुबक्यांनीं फुलणारे जे गुलाब आहेत, त्यांस इंग्लंडांत ‘पॅटिओ’ गुलाब म्हणतात. पॅटिओ हा मूळचा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ घराला लागून असलेलें अंगण. म्हणजे जें आपल्या घरीं आधींच आहे, त्याचेंच नांव त्यांनीं गुलाबास दिलें आहे.

ह्या गुलाबाचा आधुनिक इतिहास शेतकऱ्याच्या खिडकींतच सुरू झाला. मूळ तो चिनी गुलाबाच्या कुळांतला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडांतील एका डोंगरी खेड्यांत कर्नल रूले नांवाच्या लष्करी डॉक्टरांस घरांच्या खिडक्यांतील कुंड्यांतून लावलेला अगदीं ठेंगणा गुलाब आढळला. त्यांनीं ही गोष्ट जिनेव्हाचे वनस्पतिज्ञ कोरव्हों ह्यांस कळविली. असें सांगतात कीं, कोरव्हों तें झाड आणण्यास निघाले तोंवर तें खेडें आगींत जळून गेलें होतें. परंतु शेजारच्या गांवीं एका बाईजवळ एक झाड शिल्लक राहिलें होतें. त्यापासून वाढविलेल्या गुलाबास ‘रूलेटी’ हें नांव मिळालें. हॉलंडांतील यान द व्हिंक ह्यांनीं रूलेटीचा संकर करून १९३६ सालीं ‘पिऑन’ नांवाचा गुलाब काढला. अमेरिकेंत तोच ‘टॉम थम्ब’ ह्या नांवानें विकला गेला. स्पेनमध्यें पेद्रो दोत ह्यांनीं १९४० सालीं ‘बेबी गोल्ड स्टार’ हा पिवळा गुलाब दिला. पुढें कॅलिफोर्नियांत राल्फ मूर ह्यांनीं तर सारें आयुष्य ह्या एकाच कामास वाहिलें. त्यांचा जन्म १९०७ चा व मृत्यु २००९ चा. १०२ वर्षांच्या आयुष्यांत त्यांनीं छोट्या गुलाबांत पट्टेरी पाकळ्यांसारखे गुण आणले. फ्रान्सच्या मेइयां घराण्याचा ‘स्टारिना’ हा शेंदरी तांबडा गुलाब १९६५ चा. पॅटिओ प्रकारांतला ‘स्वीट ड्रीम’ १९८८ सालीं इंग्लंडांत वर्षाचा गुलाब ठरला.

आपल्या देशांत गुलाबाची आवड शास्त्रीय पायावर नेण्यांत डॉ. बी. पी. पाल ह्यांचा वांटा मोठा. हे मूळचे गव्हाचे संशोधक. तांबेऱ्याला तोंड देणारे गहू त्यांनीं तयार केले, व १९६५ सालीं ते भारतीय कृषि संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्याच हातांनीं त्यांनीं गुलाबाच्या नव्या जाती काढल्या व १९६६ सालीं भारतांतील गुलाबांवर ग्रंथ लिहिला. गव्हाच्या माणसास गुलाबाचा कमीपणा वाटला नाहीं. मग भाताच्या माणसास तो कां वाटावा?

पहिली गोष्ट : पाणी

छोट्या गुलाबाचीं मुळें उथळ व बारीक असतात. त्यांस ओल हवी असते, परंतु त्यांच्याभोवतीं सांचलेलें पाणी दोन-तीन दिवसही चालत नाहीं. मुळांस हवा मिळेनाशी झाली म्हणजे तीं कुजतात, आणि वरचीं पानें पिवळीं पडतात. तीं पाहून अजाण माणूस आणखी पाणी घालतो.

आमची पहिली चूक नेमकी येथें झाली. पहिल्या वर्षीं आम्हीं भाताच्या खाचरांतील माती कुंड्यांतून भरली, कारण ती सुपीक आहे हें आम्हांस ठाऊक होतें. ती माती भाताला चांगली, कारण ती पाणी धरून ठेवते. गुलाबाला त्याच कारणासाठीं वाईट. शिवाय कुंड्या ठेवल्या त्या ओट्याच्या कडेला, पागोळ्यांच्या बरोबर खालीं. आषाढांत सलग आठ दिवस झड लागली. पाऊस उघडला तेव्हां सतरा कुंड्यांपैकीं अकरा झाडें गेलीं होतीं. त्यांत आमच्या विशेष आवडीचें तांबडें झाडही होतें.

त्या झाडाचें पुढें काय झालें तें सांगण्यासारखें आहे. शेजारच्या वहिनींस आम्हीं मागील हिवाळ्यांत त्याची एक कांडी दिली होती व विसरूनही गेलों होतों. आमची हानि पाहून त्या म्हणाल्या, “भावजी, तुमचा लाल गुलाब आहे कीं माझ्याकडे! न्हाणीच्या मागें, तेलाच्या डब्यांत.” जाऊन पाहतों तों डब्याच्या बुडाला खिळ्यानें भोकें पाडलेलीं, डबा दोन विटांवर ठेवलेला व वर छपराचा आडोसा. त्या बाईंनीं कोणतें पुस्तक वाचलें नव्हतें; मिरचीचें रोप जसें जपावें तसें त्यांनीं तें जपलें होतें. स्वित्झर्लंडांतील त्या बाईची हकीकत आम्हीं पुढें वाचली तेव्हां आम्हांस ह्या वहिनींची आठवण झाली. जें झाड फार आवडतें त्याची एक कांडी शेजारीं द्यावी. तो त्या झाडाचा विमाच होय.

तेव्हांपासून आम्ही कुंडी पुढीलप्रमाणें भरतों. आठ इंची मातीची कुंडी घ्यावी. बुडाचें भोंक खापरीच्या तुकड्यानें सैल झांकून वर दोन बोटें विटांचे तुकडे घालावे. नंतर दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत व एक भाग जाड वाळू आणि भाताचें तूस, असें मिश्रण भरावें. मूठभर निंबोळी पेंड व तितकाच हाडांचा चुरा मिसळावा. तूस आपल्याकडे गिरणींत मिळतें, व तें माती भुसभुशीत ठेवण्याचें काम चांगलें करतें. कुंडीच्या कांठाखालीं बोटभर जागा पाण्यासाठीं रिकामी ठेवावी, आणि कुंडी नेहमीं दोन विटांवर ठेवावी.

पावसाळ्याचे चार महिने कुंड्या पागोळ्यांच्या आंत, परंतु उजेडांत ठेवाव्या. छोट्या गुलाबाचा आमच्या कोंकणांत मोठा फायदा हाच कीं, तो उचलून आंत घेतां येतो. ह्या दिवसांत खत देऊं नये, मोठी छाटणी करूं नये. झाड जगविणें एवढेंच काम समजावें. पाऊस उघडला म्हणजे कुंड्या पांच-सहा तास ऊन लागेल अशा ठिकाणीं हलवाव्या. पाणी सकाळीं द्यावें व बुंध्याशीं द्यावें. पानांवर काळे ठिपके पडण्याचा जो रोग आहे त्याच्या बुरशीला पान सुमारें सात तास ओलें राहावें लागतें. सकाळचें पाणी उन्हानें सुकून जातें, संध्याकाळचें रात्रभर पानावर राहतें. भुरीचें ह्याच्या उलट आहे. तिला पानावर पाणी लागत नाहीं. दिवस उबदार व रात्री थंड, दमट झाल्या कीं ती कोंवळ्या शेंड्यांवर पीठ शिंपडल्यासारखी दिसूं लागते. तेव्हां दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवून वारा खेळूं द्यावा. मार्चनंतर पानांच्या पाठीवर लाल कोळी येतो. झाड आडवें धरून पानांच्या पाठी पाण्याच्या धारेनें सकाळीं धुवाव्या. आठवड्यांतून दोनदां असें केल्यास औषधावांचून बहुतेक काम भागतें.

कांडी कीं कलम?

बाजारांतील पुष्कळ छोटे गुलाब जोमदार खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. तें झाड लौकर भरतें, परंतु खुंटाच्या जोरानें त्याचा ठेंगणेपणा कमी होतो, आणि बुडाकडून खुंटाचे फुटवे येऊन मूळ झाडास मारतात. छोटा गुलाब स्वतःच्या मुळांवर वाढविलेलाच बरा, असा आमचा अनुभव आहे. फूल गळून गेलेल्या, पेन्सिलीहून बारीक पण पक्क झालेल्या फांदीचा तीन-चार इंचांचा तुकडा घ्यावा. खालचीं पानें काढून वरचें एक ठेवावें, आणि तो ओलसर वाळूंत सावलींत लावावा. महिन्याच्या सुमारास मुळें धरतात. आम्ही हें काम पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस करतों. दहांपैकीं सहा-सात कांड्या लागल्या तरी समाधान मानावें.

दुसरी गोष्ट : तारीख

प्रदर्शनाचा दिवस ठरलेला असतो. झाडास तो ठाऊक नसतो. छाटणीनंतर किती दिवसांनीं फूल येतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यासच त्या दिवशीं फूल मिळतें. ह्यासाठीं आम्हीं एक वही घातली. उभा जन्म नोंदींत गेला, तेव्हां सवयीनें रकाने पाडले : कुंडी क्रमांक, नांव, छाटणीची तारीख, पहिलें फूल, मधले दिवस, शेरा. चार वर्षांच्या नोंदींवरून असें दिसून आलें कीं, कोजागिरीच्या सुमारास केलेल्या छाटणीचें फूल आमच्याकडे ३४ ते ३७ दिवसांत उमलतें, आणि डिसेंबरच्या मध्यास केलेल्या छाटणीचें ४१ ते ४५ दिवसांत. थंडी वाढली कीं झाड सावकाश चालतें. मात्र त्याच थंडींत पाकळी जाड व रंग गडद होतो. हे आंकडे आमच्या अंगणाचे आहेत. डोंगरावरचे किंवा देशावरचे वाचक ह्यांत फरक पाहतील. त्यांनीं आपली वही आपणच घालावी.

आमचा क्रम असा आहे. पहिली छाटणी कोजागिरीच्या आठवड्यांत, पाऊस निश्चित गेल्यावर करावी. मेलेलें लांकूड, आंत वळलेल्या व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या काढाव्या, आणि राहिलेल्या फांद्या अर्ध्यावर, बाहेरच्या डोळ्यावर तिरप्या कापाव्या. नवी फूट आल्यावर दर पंधरवड्यास शेणाचें पातळ पाणी किंवा भिजविलेल्या भुईमुगाच्या पेंडीचें पाणी द्यावें. दुसरी, हलकी छाटणी प्रदर्शनाच्या तारखेपासून मागें मोजून करावी. प्रदर्शन २५ जानेवारीस असेल तर आम्ही कांहीं कुंड्या ११ डिसेंबरला, कांहीं १४ ला व कांहीं १७ ला छाटतों. सर्व कुंड्या एकाच दिवशीं छाटणें म्हणजे सारें भात एकाच ढगाच्या भरंवशावर पेरण्यासारखें आहे.

प्रदर्शनांतील मांडणी

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें, पश्चिम भारताच्या ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या देखरेखीखालीं, जानेवारींत पुष्पप्रदर्शन भरतें. ह्या संस्थेची स्थापना १८३० ची आहे. मुंबईंत भायखळ्याच्या राणीच्या बागेंत महानगरपालिकेचें उद्यान खातें हिवाळ्यांत असेंच प्रदर्शन भरवितें. ज्यास भाग घ्यावयाचा असेल त्यानें त्या त्या प्रदर्शनाचें नियमपत्रक आधीं मागवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. सामान्यतः छोट्या गुलाबांचे तीन वर्ग असतात : एका देंठावर एक फूल, एका देंठावर झुबका, आणि फुललेली कुंडी.

परीक्षक काय पाहतात हें समजण्यासाठीं अमेरिकन रोझ सोसायटीची गुणपद्धति माहीत असणें उपयोगी आहे. ही संस्था १८९२ सालची. तिच्या पद्धतींत एकूण १०० गुणांपैकीं फुलाच्या घडणीस २५, रंगास २०, देंठ व पानांस २०, पाकळीच्या कसास १५, देंठ-फुलाच्या प्रमाणास १० व आकारास १० गुण असतात. म्हणजे मोठें फूल आणल्यानें फक्त दहा गुणांचा प्रश्न सुटतो. स्वच्छ, निरोगी पान त्याहून दुप्पट मोलाचें आहे. घडण म्हणजे पाकळ्या मध्याभोवतीं सारख्या उलगडलेल्या व मध्य उंच, टोंकदार असणें. फूल अर्धें ते पाऊण उमललेलें असावें.

एका फुलाच्या वर्गांत बाजूच्या कळ्या ठेवून चालत नाहीं. त्या मोहरीएवढ्या असतांनाच नखानें खुडाव्या. उशीरां खुडल्यास देंठावर व्रण दिसतो. पाकळीची कड तपकिरी झाली असेल तर तें फुलकिड्यांचें काम समजावें, व तें फूल घरींच देवास वाहावें. पानांस तेल किंवा दूध लावून चकाकी आणण्याचा मोह कित्येकांस होतो. तो टाळावा, बाहेरचा पदार्थ लावलेला आढळल्यास नमुना बाद होतो. ओल्या मऊ फडक्यानें पुसलेलें पान पुरेसें चमकतें. कुंडीच्या वर्गांत कुंडी गेरूनें सारवावी, सुकें पान व गवत काढावें, आणि झाड सर्व बाजूंनीं सारखें भरलेलें असावें. त्यासाठीं दोन महिने आधींपासून कुंडी दर आठवड्यास पाव वळसा फिरवावी.

आमची पहिली फेरी फसली ती वाहतुकींत. सकाळीं आठ वाजतां ऐटीनें कापलेलीं फुलें मांडीवर घेऊन आम्ही गाडींत बसलों. दुपारीं टेबलापाशीं पोंचलों तों सर्व फुलें पूर्ण उमलून पिवळे केसर दाखवीत होतीं. परीक्षण आधींच होऊन गेलें होतें, तें वेगळेंच. आतां आम्ही आदल्या दिवशीं सूर्यास्तानंतर फूल कापतों, तेव्हां कळी तिसऱ्या हिश्शानें उघडलेली असते. देंठ पाण्याखालीं धरून पुन्हां तिरपा कापतों, आणि औषधाच्या लहान बाटल्यांत मानेपर्यंत पाणी भरून त्यांत ठेवतों. बाटल्या बर्फाच्या पेटींत, फुलाला बर्फ लागणार नाहीं अशा उभ्या करतों, आणि पहांटे निघून सात वाजण्याच्या आंत मांडवांत पोंचतों.

तिसरी गोष्ट : नांव

आतां ज्या चुकीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला ती सांगतों. वहिनींच्या डब्यांतून परत मिळालेल्या त्या तांबड्या झाडाच्या आम्हीं पुढें बारा कुंड्या केल्या. मूळ रोप विकणाऱ्यानें त्याचें नांव ‘स्टारिना’ असें सांगितलें होतें. आम्हीं तें नांव वहींत लिहिलें व कधीं तपासलें नाहीं. एका वर्षीं तारीख बरोबर जुळली, थंडी चांगली पडली, आणि एका प्रदर्शनांत नांवासह मांडावयाच्या वर्गांत आमच्या ‘स्टारिना’स दुसरें बक्षीस मिळालें. प्रमाणपत्र आलें. आम्हीं तें चौकटींत बसवून पडवींत लावलें. गांवांतील लोक येऊन पाहून गेले.

पुढच्या वर्षीं त्याच मांडवांत एका जुन्या जाणत्या बागाइतदाराच्या टेबलावर खरी स्टारिना पाहिली. तिचा रंग शेंदरीकडे झुकणारा होता, आणि पूर्ण उमललेल्या फुलांतही पाकळीच्या बुडाशीं पांढरें नव्हतें. आमचें फूल रक्तासारखें तांबडें, आणि पूर्ण उमललें कीं त्याच्या पोटांत पांढरा डोळा स्पष्ट दिसतो. प्रदर्शनांत तें अर्धें उमललेलें होतें, म्हणून तो डोळा झांकलेला राहिला व परीक्षकांच्या नजरेस आला नाहीं. म्हणजे आम्हांस जें बक्षीस मिळालें तें आमच्या फुलानें मिळविलें खरें, परंतु दुसऱ्याच्या नांवावर.

घरीं आल्यावर दोन दिवस आम्ही कोणाशीं बोललों नाहीं. मनाची समजूत घालावयास कारणें पुष्कळ होतीं. चूक विकणाऱ्याची होती. फूल चांगलें होतें. कोणाच्या लक्षांत आलेलें नव्हतें. आणि विषय तरी किती मोठा, तर बोटभर फुलाचा! तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनीं विचारलें तेव्हां सारें सांगितलें. त्या म्हणाल्या, “अहो, सातबाऱ्यावर कोणाचें नांव चुकीचें लागलें तर तुम्हांला रात्रभर झोंप येत नसे. मग ही नोंद तरी चुकीची कां ठेवतां?” ह्यावर उत्तर नव्हतें. तीस वर्षांच्या नोकरींत एका चुकीच्या नांवापायीं भाऊ भावाचें तोंड पाहीनासा झालेला आम्हीं पाहिलेला आहे. नोंद लहान असो कीं मोठी, तिच्यावर विसंबणारा कोणी तरी असतोच. त्या प्रदर्शनांत आमच्या खालीं तिसऱ्या क्रमांकावर एक शाळकरी मुलगी होती. तिच्या फुलाचें नांव बरोबर होतें.

आम्हीं प्रमाणपत्र चौकटींतून काढलें, आणि सर्व हकीकत लिहून तें रजिस्टर टपालानें परत पाठविलें. महिनाभरानें चिटणीसांचा फोन आला. इतकी जुनी गोष्ट कोणी उकरीत नाहीं, असें ते प्रथम म्हणाले. मग थोडें थांबून त्या मुलीचा पत्ता शोधतों, असें म्हणाले. पुढें तिला दुसऱ्या क्रमांकाचें प्रमाणपत्र गेल्याचें आम्हांस कळलें. चौकट अद्याप भिंतीवर आहे. तींत आम्हीं त्या वर्षीच्या छाटणीच्या तारखांचा कागद लावला आहे. त्या बारा कुंड्यांवर आतां पुढीलप्रमाणें चिठी आहे : ‘नांव अज्ञात. तांबडा, पोटांत पांढरा.’ झाडें पूर्वींसारखींच फुलतात.

नांवाचा एवढा आग्रह कां, असें कोणी विचारील. गुलाबाच्या जातींची जागतिक नोंदणी अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे, व तिच्या प्रदर्शनांत नांव चुकलेला किंवा नांव नसलेला नमुना बाद ठरतो. व्यापारांत एकाच गुलाबास निरनिराळ्या देशांत निरनिराळीं नांवें पडतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक जातीस एक सांकेतिक नांवही देतात, व त्याचीं आरंभींचीं अक्षरें उत्पादकाच्या नांवाचीं असतात. मेइयांची स्टारिना ‘मेइगाबी’, फ्रायर ह्यांचा स्वीट ड्रीम ‘फ्रायमिनिकॉट’, डिक्सन ह्यांचा स्वीट मॅजिक ‘डिकमॅजिक’. आपल्या जमिनीच्या गट क्रमांकासारखीच ही व्यवस्था समजावी. लोक शेताला कोणत्याही नांवानें हांक मारोत, क्रमांक बदलत नाहीं.

आणि ही गोष्ट केवळ हौशी लोकांची नाहीं. आंब्याचें कलम हापूस म्हणून लावावें, सहा-सात वर्षें पाणी घालावें, आणि पहिल्या फळाच्या दिवशीं तें दुसरेंच निघावें, हा प्रसंग ज्याच्यावर आला त्यास नांवाची किंमत सांगावयास नको. बियाण्याच्या पिशवीवरचें नांव, रोपाच्या चिठीवरचें नांव व सातबाऱ्यावरचें नांव हीं तिन्ही एकाच मोलाचीं आहेत. छोट्या गुलाबांत चूक झाली तर फक्त एक प्रमाणपत्र जातें. म्हणून नांव तपासण्याची संवय लावून घेण्यास ही जागा स्वस्त आहे. रोप घेतांना विकणाऱ्याकडून नांव लिहून घ्यावें. पहिल्या हंगामांत कळी, अर्धें फूल व पूर्ण उमललेलें फूल अशा तिन्ही अवस्था वहींत टिपाव्या. जाणत्या माणसास दाखवावें. आणि खात्री होईपर्यंत नांवापुढें प्रश्नचिन्ह ठेवावें. नांव समजलें नाहीं तर तसें लिहावें. कुंडीच्या किंवा बिननांवाच्या वर्गांत तें झाड मानानें मांडतां येतें.

ह्या उद्योगांत फार पैसा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मावळांतल्या हरितगृहांतून लांब देंठाचे गुलाब परदेशीं जातात. तें भांडवल व तो व्याप निराळा आहे. परंतु फुललेली लहान कुंडी शहरांतील माणूस हौसेनें नेतो. आमच्या बाजूस आतां उंच इमारती वाढत आहेत, व त्यांतील लोकांस सज्जापलीकडे जमीन नाहीं. घरांतील स्त्रियांनीं व मुलांनीं तीस-चाळीस कुंड्या नीट, खऱ्या नांवाच्या चिठीसह तयार केल्या, तर घरखर्चास थोडा हातभार लागण्यास हरकत नाहीं.

ज्या वाचकांस हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं येत्या कोजागिरीस दोनच कुंड्यांनीं आरंभ करावा, व आरंभाच्याच दिवशीं वही घालावी. आमच्या पडवींत भाद्रपदाच्या अखेरीस कांड्या लावण्याचें काम चालतें. त्या सुमारास नेऱ्यास येणाऱ्या सभासदांस एक-दोन कांड्या देण्यास आम्हांस आनंद वाटेल. ज्या जातीचें नांव आम्हांस खात्रीनें माहीत आहे तिच्यावर नांव लिहून देऊं. ज्याचें माहीत नाहीं त्यावर तसें लिहून देऊं.